डीएनए मिळाला नाही, तरी जबडा कुणाचा हे कसं कळलं?

घोडनदीकर

मंडळी, एक शंका आहे, जाणकारांनी सोडवावी.

तैवानजवळ पेंगहूच्या समुद्रात मासेमारीच्या जाळ्यात एक जबडा आला होता, त्याबद्दल वाचलं. २०२५ साली संशोधकांनी जाहीर केलं की तो डेनिसोव्हा मानवाचा (निअँडरथलसारखी एक नामशेष मानवजात) आहे, आणि पुरुषाचा आहे. यात डीएनए मिळालेलाच नाही, सगळं प्रथिनांवरून ठरवलं म्हणे. मी वीज खात्यात आयुष्य काढलेला माणूस. प्रथिन म्हणजे डाळ आणि अंडी एवढंच मला ठाऊक. मेल्यावर मांस कुजतं, मग प्रथिन लाखभर वर्षं टिकतं कसं? टिकलं तरी त्यावरून बाई की पुरुष हे कसं सांगतात?

विचारायचं खरं कारण वेगळं आहे. माझं गाव शिरूर तालुक्यात. तिथल्या इनामगावच्या ताम्रपाषाण काळातल्या वस्तीत डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ पर्यंत खोदकाम केलं, तेव्हा आम्ही पोरं सायकली काढून बघायला जायचो. घराच्या जमिनीखाली दोन कुंभ तोंडाला तोंड लावून ठेवलेले आणि आत लहान मुलाची हाडं. अशी किती तरी दफनं निघाली. आमच्या आजीने सरळ विचारलं होतं, "पोरगा होता का पोरगी?" तिथल्या साहेबांनी हसून सांगितलं, मुलांच्या हाडांवरून ते सांगता येत नाही. आता येईल का?

---

डाल्टनबाई

घोडनदीकर, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: हो, येईल. दात शिल्लक असतील तर. आजीला एकदम नेमका प्रश्न पडला होता.

आता सविस्तर. मी पुण्याजवळच्या एका औषध कंपनीत मास स्पेक्ट्रोमीटर चालवते. दिवसभर प्रथिनांचे तुकडे करायचे आणि त्यांची वजनं मोजायची. जुनी हाडं हे माझं काम नव्हे, पण यंत्र तेच, रसायनं बरीचशी तीच आणि डोकेदुखीही तीच. म्हणून या विषयातले निबंध मी घरी बसून वाचते. नवऱ्याच्या मते हा आजार आहे.

टिकतं कसं? सगळी प्रथिनं टिकत नाहीत. मांसातली जातातच, तुमचं बरोबर आहे. हाडातलं कोलॅजेन टिकतं, कारण त्याचे तीन धागे एकमेकांत पिळलेले असतात आणि भोवती खनिजाचा गच्च थर असतो. पाणी आणि जीवाणू आत शिरायला वेळ लागतो. दाताचं एनॅमल तर त्याच्याही पुढे. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. एनॅमल तयार होताना शरीर स्वतःच त्यातली बहुतेक प्रथिनं कापून बाहेर काढतं, आणि जे बारीक तुकडे उरतात ते स्फटिकांमध्ये अडकून बसतात. एकदा अडकले की बाहेरच्या जगाशी संबंध संपला. २०२५ मध्येच केनियातल्या तुर्काना खोऱ्यातल्या १ कोटी ८० लाख वर्षं जुन्या दातांतून असे तुकडे वाचले गेले. केनियातल्या, हे लक्षात घ्या. ग्रीनलंडच्या गोठलेल्या गाळात डीएनए २० लाख वर्षं टिकला, तो सध्याचा विक्रम. पण उष्ण प्रदेशात डीएनए याच्या जवळपासही पोचत नाही. आपलंच उदाहरण: राखीगढीच्या सांगाड्यांचे ६१ नमुने तपासले, कामाचा डीएनए एकातून निघाला. तेही जेमतेम साडेचार हजार वर्षं जुने. आपल्या हवामानात डीएनएची ही गत असते.

मोजतात कसं? हाडाचा काही मिलिग्रॅमचा कण घ्यायचा, सौम्य आम्लात खनिज विरघळवायचं, मग ट्रिप्सिन नावाचं प्रथिन कापणारं विकर घालायचं. ट्रिप्सिन प्रथिनाच्या साखळीत लायसिन आणि आर्जिनिन ही अमिनो आम्लं (साखळीचे मणी म्हणा) जिथे असतील त्याच्या पुढे कापतं, दुसरीकडे सहसा नाही. त्यामुळे प्रत्येक प्राण्याच्या कोलॅजेनचे ठरावीक वजनाचे तुकडे पडतात. मेंढी आणि शेळीचं हाड नुसतं बघून वेगळं करताना भलेभले चकतात. यंत्रात मात्र मेंढीचा एक तुकडा ३०३३ या वजनाला दिसतो, शेळीचा ३०९३ ला. संपला वाद. या पद्धतीला झूएमएस म्हणतात, २००९ च्या सुमारास मायकेल बकली, मॅथ्यू कॉलिन्स वगैरे मंडळींनी ती बसवली.

स्वस्त आहे, हाच तिचा मोठा गुण. सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेत हाडांचा नुसता चुरा होता, कुठलं कुणाचं ओळखू न येणारा. सामंथा ब्राउन, कॅटरिना डूका आणि टॉम हायम यांच्या गटाने २ हजारांहून जास्त तुकडे एकामागून एक यंत्रातून काढले. गेंडे, तरस, घोडे, मॅमथ, आणि त्यांत एक, फक्त एक, माणसाच्या कुळातला. जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. त्याचा डीएनए मग जर्मनीत लायपझिगला वाचला, आणि २०१८ साली कळलं की ही मुलगी होती, मेली तेव्हा किमान १३ वर्षांची, सुमारे ९० हजार वर्षांपूर्वीची. आई निअँडरथल, बाप डेनिसोव्हा. प्रथिनांनी नाव सांगितलं नाही, पण हजारो तुकड्यांतून बोट मात्र बरोबर त्याच तुकड्यावर ठेवलं. मला सगळ्या विषयात हा प्रकार सर्वात आवडतो. खर्चिक चाचणी कुठे करायची हे स्वस्त चाचणीने ठरवायचं. कंपनीत आम्ही हेच करतो, फक्त तिथे शेवटी मुलगी निघत नाही.

आता बाई की पुरुष. एनॅमलमध्ये अमेलोजेनिन नावाचं प्रथिन असतं. त्याचा जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि थोडी वेगळी प्रत वाय गुणसूत्रावर. वाय फक्त पुरुषात असतं, म्हणून वायवाल्या प्रतीचा तुकडा दिसला की दात पुरुषाचा. मुलाचा असो की म्हाताऱ्याचा, फरक पडत नाही. कवटी, कंबर वगैरे बघून लिंग ठरवायला शरीर वयात आलेलं लागतं, याला लागत नाही. इनामगावच्या साहेबांची अडचण इथे सुटते.

---

दंतमंजन

छान प्रतिसाद. मी दातांचा डॉक्टर, साताऱ्यात प्रॅक्टिस. माझ्या वाचनात कीटणाबद्दल आलं होतं. स्केलिंग करून जे आम्ही रोज बेसिनमध्ये फेकतो, त्यातून म्हणे जुन्या माणसांचं जेवण कळतं? पेशंटला हे सांगितलं तर स्केलिंगच करून घेणार नाहीत. :)

---

डाल्टनबाई

डॉक्टर, सांगू नका. :)

कीटण म्हणजे दातावरचा थर जिवंतपणीच दगड होणं. त्यात तोंडातले जीवाणू, लाळ आणि खाल्लेल्याचे कण बंद होतात. दुधाचं उदाहरण सगळ्यात पक्कं. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन गाय, शेळी, मेंढी यांच्या दुधात असतं, माणसाच्या दुधात नसतं. म्हणजे ते सापडलं तर आईचं दूध म्हणून शंका काढता येत नाही. शिवाय जनावरागणिक त्यात थोडा फरक असतो, त्यामुळे कुणाचं दूध हेही बऱ्याचदा सांगता येतं. युरेशियाच्या गवताळ पट्ट्यातल्या लोकांची अशी दातं तपासली, २०२१ साली ते छापून आलं. आधीच्या लोकांत दूध जवळजवळ नाहीच, आणि इ.स.पूर्व ३३०० च्या सुमारास, यामनाया नावाच्या पशुपालक लोकांच्या काळात, बहुतेकांच्या दातांत दूध. हे लोक इतक्या लांब पसरले ते कशाच्या जिवावर, याचं एक उत्तर तिथे आहे. हाडांच्या ढिगाऱ्यावरून गायी होत्या एवढं कळतं, दूध पीत होते हे कळत नाही.

आणि हळदीचं ऐकलंत का? इस्राएलमधल्या मेगिद्दो आणि तेल एरानी इथल्या १६ माणसांचं कीटण तपासलं, २०२० साली प्रसिद्ध झालं. मेगिद्दोच्या दातांत इ.स.पूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या मध्यावर हळद आणि सोयाबीन. तेल एरानीला, काही शतकांनंतर, केळं. हळद तिथे उगवत नाही, ती दक्षिण आशियातून गेली असणार. कोणत्या बंदरातून, कुणाच्या गोण्यांतून, ते दात सांगत नाहीत.

एक सावधगिरी. बियांमधली काही प्रथिनं चिवट असतात, शिजवली तरी टिकतात. भाजीपाल्याची तशी नसतात. त्यामुळे कीटणात जे दिसलं ते खाल्लं (किंवा निदान तोंडात गेलं) असं म्हणता येतं. जे दिसलं नाही ते खाल्लंच नाही असं मुळीच म्हणता येत नाही. लोक हे दुसरं वाक्य फार पटकन बोलतात.

---

संशयात्मा

सगळं रंजक आहे, पण मला पटत नाहीये.

पेंगहूच्या जबड्याच्या प्रथिनांत डेनिसोव्हाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फक्त दोन जागा मिळाल्या असं मीही वाचलं. दोन! तुटक्या शिलालेखातली दोन अक्षरं वाचून राजाचं नाव, घराणं आणि सालासकट सांगण्यातला प्रकार झाला हा. वर प्रयोगशाळेत कुणाचा केस पडला, कुणी लोकरीचा स्वेटर घालून आलं, की प्रथिनं आलीच. २००७ साली टी-रेक्स डायनोसॉरचं कोलॅजेन सापडलं म्हणून गाजावाजा झाला होता, पुढे त्यावर शहामृगाच्या हाडातून आलं असेल असा आक्षेप निघाला. हा विषय म्हणजे मोठ्या बातम्या आणि छोटे पुरावे.

---

डाल्टनबाई

संशयात्मा, तुमचा निम्मा आक्षेप मला मान्य आहे, निम्मा नाही.

आधी स्वेटर. तुम्ही म्हणता ते खरंच घडतं. माणसाच्या कातडीतलं केराटिन माझ्या यंत्रात रोज दिसतं, लोकरीचंही दिसतं. आमच्याकडे हिवाळ्यात लोकरी स्वेटर घालून आत यायला बंदी आहे. पण जुनं आणि नवं प्रथिन ओळखायची एक खूण असते. ॲस्परजिन आणि ग्लुटामिन या दोन अमिनो आम्लांतला अमाइडचा भाग काळाने झडतो, आणि त्या जागेचं वजन ०.९८४ डाल्टनने (रेणूंच्या वजनाचं एकक) वाढतं. ताज्या केराटिनमध्ये अशा जागा फारशा नसतात, लाखभर वर्षं पुरलेल्या प्रथिनात त्या ढिगाने असतात. शिवाय साखळीचे तुकडेही वेडेवाकडे पडलेले असतात, ट्रिप्सिनने कापल्यासारखे नीट नाहीत. म्हणून चांगल्या निबंधात आधी नुकसान किती झालंय ते दाखवतात, मग निष्कर्ष. ते दाखवलं नसेल तर मी पुढे वाचतच नाही. डायनोसॉरच्या बाबतीत तुमच्या बाजूने आहे.

आता दोन अक्षरं. ती दोनच अक्षरं वाचली असं नाही. पेंगहूच्या जबड्यातून आणि दातातून एकूण ४२४१ अमिनो आम्लं वाचली गेली. त्यांतली जवळपास सगळी आपल्यात, निअँडरथलमध्ये आणि डेनिसोव्हात सारखीच आहेत, कारण आपण सगळे फार जवळचे. फरक दाखवणाऱ्या दोन निघाल्या, आणि दोन्ही डेनिसोव्हाकडेच झुकतात. तुमचा प्रश्न मी वेगळा विचारला असता: त्या जागी डेनिसोव्हात काय असतं हे मुळात कुणाला कसं माहीत? तर सायबेरियाच्या थंड गुहेतल्या बोटाच्या एका हाडात डीएनए टिकला, २०१० साली त्याचा जीनोम (सगळ्या डीएनएचा आराखडा) छापला गेला, म्हणून. जीनोमवरून प्रथिन कसं असेल ते काढता येतं. ते हातात नसतं तर पेंगहूचा जबडा कितीही नीट वाचला तरी "आपल्याच कुळातला कुणीतरी" याच्यापुढे गाडी गेली नसती.

प्रथिनांकडून किती मागायचं याची मर्यादा मला इथे दिसते, बातम्यांत ती कधी येत नाही. डीएनएचा आधार जिथे कुठेच नाही, तिथे प्रथिनं फांदी कुठे फुटली एवढं सांगतात. स्पेनमध्ये अतापुएर्काच्या होमो अँटिसेसर माणसाच्या दातातून, सुमारे ८ लाख वर्षं जुन्या, २०२० साली एवढंच निघालं की हा आपला, निअँडरथलचा आणि डेनिसोव्हाचा सख्खा पूर्वज नसावा, शेजारची फांदी असावी. थोडंच आहे. पण आधी वर्षानुवर्षं तज्ज्ञ कवट्यांकडे बघून यावर भांडत होते.

आणि शियाहेचा जबडा विसरू नका. तिबेटच्या पठारावर, ३२८० मीटर उंचीवर, बैशिया गुहेत १९८० साली एक भिक्षू प्रार्थनेला गेला होता, त्याला तो सापडला. मठातून तो पुढे लांजौ विद्यापीठात पोचला आणि पडून राहिला. त्यात डीएनए नव्हता. २०१९ साली दातातल्या कोलॅजेनवरून डेनिसोव्हा म्हटलं, वय किमान १ लाख ६० हजार. तेव्हाही तुमच्यासारखे लोक म्हणाले, एवढ्यावरून? पुढच्याच वर्षी त्याच गुहेच्या मातीत डेनिसोव्हाचा डीएनए मिळाला. २०२५ साली चीनच्या हार्बिनच्या कवटीच्या बाबतीत प्रथिनं आणि कीटणातला मायटोकाँड्रियाचा डीएनए, दोन्ही डेनिसोव्हाच म्हणाले. म्हणजे जिथे पडताळा घेता आला तिथे प्रथिनं बरोबर निघाली. पेंगहूच्या जबड्याच्या काळाबद्दल मात्र मी काही ठाम बोलणार नाही. समुद्राच्या तळाशी सापडलेला, १० हजार ते ७० हजार किंवा १ लाख ३० हजार ते १ लाख ९० हजार, असे दोन पर्याय देतात. प्रथिनांना नेमकं वर्ष विचारून उपयोग नसतो.

---

घोडनदीकर

डाल्टनबाई, मनापासून धन्यवाद. पोरगा-पोरगीचं जरा खुलवून सांगा. म्हणजे चूक होऊ शकते का? आणि नर्मदाकाठी हथनोराला सापडलेल्या प्राचीन मानवाच्या कवटीचं असं काही करता येईल का?

---

डाल्टनबाई

चूक होऊ शकते, आणि एकाच बाजूने जास्त. वायची खूण दिसली तर पुरुष, हे पक्कं. नाही दिसली तर स्त्री, हे तेवढं पक्कं नाही. नमुनाच इतका दुबळा असेल की वायचा तुकडा यंत्राला दिसण्याच्या पातळीखालीच राहिला, तर पुरुषही स्त्री दिसेल. म्हणून एक्सवाली खूण किती जोरात आहे ते बघतात. ती भरपूर असूनही वायवाली शून्य असेल तरच स्त्री म्हणायचं.

आणि यात एक खास आपल्याकडची खोच आहे. २००२ साली हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २७० भारतीय पुरुषांचा डीएनए तपासला, त्यांतल्या ५ जणांत अमेलोजेनिनची वायवरची प्रत गायबच होती. माणसं धडधाकट पुरुष, फक्त तेवढा तुकडा गळालेला. म्हणजे साधारण २ टक्के. गुन्ह्याच्या तपासासाठी तो मोठा इशारा होता. इनामगावसारख्या ठिकाणी काम करायचं तर तो लक्षात ठेवावा लागेल: एकेका कुंभाबद्दल छातीठोक बोलू नये, पन्नास कुंभांचा कल मात्र सांगता येतो. आणि मला वाटतं खरा प्रश्न कलाचाच आहे. घराखाली कुंभात ठेवायची ती पोरं जास्त मुलगे होते, जास्त मुली होत्या, की भेदच नव्हता? त्याच गावात चार पायांच्या मोठ्या रांजणात बसवून पुरलेला माणूसही सापडलाय, मोठ्यांची पावलं कापून पुरायची रीत होती. एवढे नियम पाळणारी माणसं लेकरांच्या बाबतीत काय करत होती, हे विचारण्यासारखं आहे. इनामगावच्या दातांवर डेक्कन कॉलेजच्या वालिंबे आणि अमेरिकेच्या ल्यूकाक्स यांनी पूर्वी बरंच काम केलंय, म्हणजे दात मोजलेले, नोंदवलेले आहेत. फक्त अगदी तान्ह्या बाळाचं एनॅमल अर्धवट पिकलेलं असतं, ते टिकायला अवघड.

यात अंदाज किती फसतात बघा. स्पेनमध्ये व्हॅलेन्सिनाला ५ हजार वर्षांपूर्वीची एक श्रीमंत कबर, हस्तिदंत, स्फटिकाचा खंजीर वगैरे. "हस्तिदंतवाला पुरुष" म्हणून प्रसिद्ध. २०२३ साली दात तपासले, बाई निघाली. इटलीत मोडेनाला हातात हात घालून पुरलेलं जोडपं, सगळ्यांनी नवरा-बायको ठरवलेलं. २०१९ साली कळलं, दोघेही पुरुष. दक्षिण आफ्रिकेतल्या स्वार्टक्रान्सच्या पॅरान्थ्रोपसच्या, म्हणजे सुमारे २० लाख वर्षांपूर्वीच्या एका नामशेष मानवसदृश जातीच्या, चार दातांतला एक लहान आहे म्हणून मादीचा समजत होते. २०२५ साली नर निघाला. तिन्ही ठिकाणी उत्तर दातांतच होतं.

हथनोरा: १९८२ साली अरुण सोनकियांना जी मिळाली ती कवटीची वरची वाटी आहे. दात नाहीत, म्हणजे एनॅमल नाही. उरलं हाडाचं कोलॅजेन, आणि नर्मदेच्या उष्ण खोऱ्यात इतकी जुनी कवटी म्हटल्यावर मी त्यावर पैसे लावणार नाही.

आपल्याकडे मला जास्त आशा शहामृगाच्या अंड्यांची वाटते. हसू नका. जळगाव जिल्ह्यातल्या पाटण्याला कोरलेली कवचं आणि मणी सापडलेत. अंड्याच्या कवचातली प्रथिनं कॅल्साइटच्या पृष्ठभागाला इतकी घट्ट चिकटतात की टांझानियातल्या लायटोलीला ३८ लाख वर्षं जुन्या कवचातून ती वाचली गेलीत, २०१६ साली. हवामान आपल्यासारखंच गरम.

---

मोडीवाला

वाचतोय. पण यात दात फुटतो ना? मी जुन्या दस्तांच्या संग्रहात काम करतो. "थोडासाच नमुना" म्हणत लोक येतात आणि भोक पाडून जातात. एक दात, एक माणूस. मग पुढच्या पिढीच्या यंत्रासाठी काय ठेवणार?

---

डाल्टनबाई

तुमची भीती रास्त आहे, आणि या क्षेत्रातल्या लोकांनाही ती आहे. लिंग तपासायला आता दात फोडत नाहीत. एनॅमलच्या पृष्ठभागाला काही मिनिटं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल लावतात, वरचा अगदी पातळ थर घेतात. दात जागेवर राहतो. कोलॅजेनला मात्र कण लागतो.

तुमच्या कामाची गंमत सांगते. युरोपात जुनी बायबलं चर्मपत्रावर आहेत. ती कोणत्या जनावराच्या कातड्याची, हे शोधायला यॉर्कच्या सारा फिडिमेंट यांनी खोडरबर वापरला. ग्रंथपाल पान साफ करायला रबर घासतातच, त्याचा भुगा फेकायचा त्याऐवजी नळीत भरून पाठवायचा. रबर घासताना चर्मपत्राचं थोडं कोलॅजेन भुग्याला चिकटून येतं. पानाला काही होत नाही. तेराव्या शतकातली ती तलम पानं न जन्मलेल्या कोकरांची आहेत अशी समजूत होती, २०१५ साली कळलं की वासरू, शेळी, मेंढी, सगळ्यांची आहेत.

तुमच्या मोडी कागदांवर मात्र रबर घेऊन बसू नका. कागद वनस्पतीच्या धाग्यांचा, त्यात सहसा कोलॅजेन नसतं. चामडी बांधणीची बाडं असतील तर बोला.

---

मोडीवाला

आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.